घड्या पाडा, पण मिटवू नका: कोथरूडकरांना उत्तर

कोथरूडकर, नमस्कार. तुमचं म्हणणं दोन ओळींत असं: विम या कोड लिहायच्या एडिटरमध्ये ओळींच्या घड्या पाडायची (म्हणजे कोडचा तुकडा एका ओळीत मिटवून ठेवायची) माझी सेटिंग घातल्यापासून प्रत्येक फाईल मिटलेलीच उघडते आणि एक फंक्शन गाठायला चार घड्या उलगडाव्या लागतात, आणि मुळात ज्या कोडला घड्या घालाव्या लागतात तो कोडच वाईट, फंक्शन तोडा, लपवू नका.

पहिलं मुकाट्याने मान्य. ‘फोल्डमेथड’ला (घड्या कशावरून पाडायच्या ते ठरवणारी सेटिंग) ‘इंडेंट’ द्या, म्हणजे ओळी डावीकडून जितक्या आत सरकलेल्या त्यावरून घड्या पडतील, एवढंच लिहून मी थांबलो. ‘फोल्डलेव्हल’, म्हणजे किती पातळ्यांपर्यंतच्या घड्या उघड्या ठेवायच्या तो आकडा, मुळात 0 असतं, त्यामुळे विम घड्या पाडतो आणि त्याच दमात सगळ्या मिटवूनही टाकतो. सेटिंगच्या फाईलमध्ये त्याच्या खाली ‘सेट फोल्डलेव्हलस्टार्ट=99’ ही ओळ घाला. फाईल सताड उघडी येईल, घड्या मात्र तयार असतील. हवी तिथे झेड-ए, सगळं मिटवायला झेड आणि मोठा एम, उघडायला झेड आणि मोठा आर. माझ्याकडे ती ओळ इतकी जुनी आहे की ती आहे हेच विसरलो होतो.

खरं तर तुम्ही मला आणखी एका गोष्टीवरून झापायला हवं होतं. मिटलेल्या घडीवर डी-डी (ओळ खोडायची कमांड) दाबलं की एक ओळ नाही, अख्खी घडी जाते. हिंजवडीत एका संध्याकाळी कंपनीची बस सुटायच्या घाईत मी असंच केलं. खाली ‘37 फ्यूअर लाईन्स’ उमटलं आणि घाम फुटला. यू (केलेलं मागे घ्यायची कळ) दाबलं, सगळं परत आलं, बस गेली.

दुसरा मुद्दा मात्र पटत नाही. लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला गेलात तर दुकानदार गठ्ठ्यातली प्रत्येक साडी उलगडत बसत नाही. आधी काठ दाखवतो, मन बसलं तरच घडी मोडतो. पायथनमध्ये ‘इंडेंट’ लावलं की फंक्शन सुरू करणारी ‘डेफ’ची ओळ घडीबाहेर राहते, तिच्याखाली फंक्शनचं पोट मिटतं आणि त्या जागी किती ओळी मिटल्या तो आकडा दिसतो. माझ्या गळ्यात पडलेली दुसऱ्याची 1,800 ओळींची फाईल मी आधी पूर्ण मिटवली. बहुतेक घड्या वीस-तीस ओळींच्या, आणि मध्येच एक 210 ची! तुम्ही म्हणता तसं ते फंक्शन तोडलंच, पण तोडायचं कुठलं ते त्या आकड्याने सांगितलं. उघड्या फाईलमध्ये स्क्रोल करत बसलो असतो तर आठवडा गेला असता.

‘सिंटॅक्स’ पद्धतीबद्दल, म्हणजे भाषेच्या रचनेवरून घड्या पाडण्याबद्दल, तुमची तक्रार रास्त आहे. सी-मध्ये उघडा महिरपी कंस टाईप केला की खालच्या घड्यांचा पार विचका होतो. इन्सर्ट मोडमध्ये (टाईप करायच्या अवस्थेत) शिरताना फोल्डमेथड ‘मॅन्युअल’ आणि बाहेर येताना पुन्हा ‘सिंटॅक्स’ करणारा ऑटोकमांड (आपोआप चालणारी कमांड) लावा.

आणि जावास्क्रिप्टमध्ये घड्या पडतच नाहीत म्हणता, तर ‘शिफ्टविड्थ’ (इंडेंटची एक पायरी किती स्पेसची ते सांगणारा आकडा) बघा. ते मुळात 8 असतं आणि विम इंडेंटला त्याने भागतो. तुमचा इंडेंट दोन स्पेसचा असणार, म्हणून भागाकार शून्यच येतो. 2 करून बघा आणि काय झालं ते इथेच कळवा.