गाठ माझ्याशी आहे

आमच्या घरी रात्री नऊला पानं वाढली जातात आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी कुणाचं तरी गळू फुटतं.

म्हणजे टीव्हीवर. तेवढाच काय तो दिलासा.

सुरुवात सासूबाईंच्या मोतीबिंदूपासून झाली. महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, काळा चष्मा उतरला आणि कित्येक वर्षांनी त्यांना जग लख्ख दिसायला लागलं. पहिले दोन दिवस त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली जळमटं बघितली. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाने, अद्वैतने (इयत्ता अकरावी, कपाळावर स्वतःच्याच सतरा पुटकुळ्या) त्यांना डॉक्टर सँड्रा ली दाखवल्या. या बाई कॅलिफोर्नियातल्या अपलँड गावच्या त्वचारोगतज्ज्ञ. दवाखान्यातले व्हिडिओ इंटरनेटवर टाकता टाकता इतक्या गाजल्या, की 2018 साली टीएलसी वाहिनीने त्यांचा ‘डॉ. पिंपल पॉपर’ नावाचा कार्यक्रमच सुरू केला. पेशंट येतो, त्याच्या मानेवर किंवा पाठीवर नारळाएवढी गाठ असते, बाई गोड हसतात, सुई टोचून जागा बधिर करतात, चीर देतात, आणि मग जे व्हायचं ते होतं. सासूबाईंनी पहिला भाग तोंडाला पदर लावून बघितला. संपल्यावर पदर काढला आणि म्हणाल्या, “अजून आहेत का रे?”

होते. भरपूर होते.

मी मुळात यातली नव्हे. मला साबुदाण्याची खीर उकळताना त्यातले डोळेसुद्धा बघवत नाहीत. ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायचं टेबल टीव्हीच्या थेट समोर आहे, दुसरीकडे ते मावतच नाही. म्हणून मी टीव्हीकडे पाठ करून जेवायला लागले. पण पाठ फिरवली तरी कान कुठे फिरवणार? सासूबाई शेवटच्या षटकात दहा धावा हव्या असल्यासारख्या पुढे सरकून बसतात. “आली, आली, आली... अगंबाई, राहिली! मुळाशी राहिली!” माझा नवरा मंदार डोळ्यांवर हात धरतो, पण बोटं फाकवून. त्याला एकच काळजी, “याचे किती घेत असतील?” तो सीए आहे. आणि अद्वैत समीक्षक आहे. त्याची परिभाषा संपूर्णपणे माझ्या फ्रीजमधून घेतलेली.

“आज चक्का आहे, आजी. पाणी न निथळलेला.”

या एका वाक्याने आमच्याकडचं पाडव्याचं श्रीखंड गेलं. त्यानंतर पनीर भुर्जी गेली. दिवाळीत मी सोऱ्याचा दांडा फिरवत कढईत शेव पाडत होते. पिवळी, मऊ, लांबलचक शेव जाळीतून वळत वळत बाहेर येत होती, आणि मागून सासूबाईंचा समाधानी आवाज आला, “थांबू नकोस, दाब. अजून आहे आत.” त्या वर्षी शेव शेजाऱ्यांना वाटली.

यावरून घरात भांडणंही होतात, पण ती माझ्या बाजूने कुणीच भांडत नाही. वाद असतो तो पळवायचं काय याचा. प्रत्येक भागात आधी पेशंटची कहाणी असते: गाठ कधी आली, लोक काय बोलले, किती वर्षं टोपी घालून वावरलो. अद्वैतला ते सगळं पळवून चिमटा लागतो तिथे जायचं असतं. सासूबाईंची मात्र तीस वर्षं मालिकांवर गेलेली, त्यांना रडणं अख्खं हवं. “एवढी वर्षं घरातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही?” त्या विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात, “सासू नसेल घरात.” मग ऑपरेशन होतं, पट्टी लागते, आणि तो माणूस आरशात बघतो. हे मात्र मी मान वळवून बघते. कशाला खोटं बोला.

सासूबाई मूळच्या गुहागरच्या. त्यांच्याकडे या विषयातली शब्दसंपत्ती आधीपासूनच दांडगी होती: केसतूड, नखुर्डं, रांजणवाडी, खांडूक, चामखीळ, कुरूप, भोवरी. लहानपणी गळवावर जवसाचं गरम पोटीस बांधायचे आणि सकाळपर्यंत पिकायचं, हे त्या लग्नातल्या पंगतीचं वर्णन करावं तसं सांगतात. त्यात आता आधुनिक शास्त्राची भर पडली. कचराळी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांना त्यांनी लायपोमा आणि सिस्ट यांतला फरक शिकवला. “लायपोमा म्हणजे नुसती चरबी, दाबलीत तर बोटाखालून सटकते. सिस्टला थैली असते. नुसतं पिळून काही होत नाही, थैली सबंध निघाली पाहिजे, नाहीतर परत भरते.” वाक्य शास्त्रशुद्ध आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की त्या वाक्यानंतर बायकांनी आपापले दंड पुढे केले आणि सासूबाईंनी ते चाचपले. तलावाला दोन फेऱ्या मारून परत येणारी बाई हल्ली दीड तासाने येते.

लोकांना हे का आवडतं, याचा मी छडा लावायचा प्रयत्न केला. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याला ‘बिनाइन मॅसोकिझम’ म्हटलंय. शरीर ओरडतं, संकट आलं, पळ. मनाला ठाऊक असतं की काही होणार नाही. आणि त्या दोघांच्या रस्सीखेचीतच मजा येते. रोझिनने या गोष्टीचा अभ्यास केला तो मिरची खाणाऱ्यांवरून. हे वाचलं आणि मी गप्पच झाले. कारण मामलेदारच्या मिसळीसमोर नाकाडोळ्यांतून पाणी गाळत “अजून थोडी तर्री” म्हणणारी आमच्या घरात मीच आहे.

तर अशा घरात, एका सोमवारी, केस धुताना माझ्या बोटाला गाठ लागली.

उजव्या कानाच्या वर, चार बोटांवर. सुपारीएवढी, टणक, गुळगुळीत. दुखत नव्हती. दुसऱ्या कुठल्याही घरातली बाई घाबरून नवऱ्याला हाक मारते. मी न्हाणीघराची कडी नीट लागली आहे ना, ते बघितलं. नंतर दोन महिने ती गाठ मी चोरीच्या दागिन्यासारखी लपवली. आमच्याकडे रविवारी दुपारी सासूबाई सगळ्यांच्या डोक्याला तेल लावतात, ते टाळण्यासाठी मी सर्दी सांगितली, पार्लरची वेळ सांगितली, एकदा तर उपास आहे म्हणाले. तेलाला उपास कसला, हे विचारायला त्या विसरल्या नाहीत. नवव्या रविवारी मला मागून धरूनच बसवलं. बोटं फिरत फिरत उजवीकडे आली आणि थांबली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

“मंदाऽऽर!” सासूबाई ओरडल्या. मंदारला सीएचा निकाल लागला तेव्हाही त्या एवढ्या ओरडल्या नव्हत्या. “अरे, आपल्या मीनलला आहे!”

पुढच्या पाच मिनिटांत अद्वैत मोबाइलचा टॉर्च लावून आला आणि समोरच्या काकू वाटी परत द्यायच्या निमित्ताने आल्या. सगळ्यांनी रांगेने माझं डोकं दाबून बघितलं. मध्येच अद्वैत म्हणाला, “आपणच करूया का? चिमटा उकळून घेऊ.” त्यावर मंदारने, मला बरं वाटावं म्हणून असेल, ठामपणे सांगितलं, “नको. बिल मिळणार नाही, मेडिक्लेममध्ये बसणार नाही.”

राम मारुती रोडजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दवाखाना भरलेला होता आणि सासूबाई पहिल्यांदाच जरा हिरमुसल्या, कारण बघण्यासारखं काहीच नव्हतं. निम्म्या लोकांना गजकर्ण. बुरशीचा आजार, लोकलची गर्दी, घाम आणि घट्ट जीन्स यांत फोफावतो तो. केमिस्टकडून आणलेलं मलम महिनोन्‌महिने चोपडून तो मांडीभर पसरलेला. त्या मलमात स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, त्यामुळे माणूस खूश, आणि बुरशी त्याहून खूश. 2018 साली सरकारने असली 14 स्टिरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. माझ्या शेजारच्या माणसाच्या हातात मात्र ट्यूब होती आणि चिठ्ठी काही त्याने आयुष्यात बघितली नव्हती. कोपऱ्यात एक मुलगी ओढणीने हात झाकून बसली होती. पंखा लागला तेव्हा मनगटावरचं कोड दिसलं, तिने ओढणी पुन्हा ओढली. सासूबाईंनी नजर वळवली आणि माझ्याशी उगाचच भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागल्या. या दोन्ही दुखण्यांतून बाहेर काही उडत नाही. त्यांच्यावर कोण कार्यक्रम काढणार?

डॉक्टरीणबाईंनी दोन सेकंद गाठ दाबली. “पिलर सिस्ट. निरुपद्रवी आहे. दहांतल्या नऊ डोक्यावरच येतात.”

“तेल लावत नाही ती,” सासूबाईंनी माहिती पुरवली.

“तेलाचा संबंध नाही, आजी. ही केसाच्या मुळाच्या आवरणातून होते. आत पू नाही, केराटिन असतं. आपले केस, नखं ज्याची बनतात ना, तेच.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “राहू दिलीत तरी चालेल. नकोशी वाटत असेल तर वीस मिनिटांचं काम आहे. माहेरी कुणाला आहे का? घराण्यात चालते ही.”

मी नाही म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे नवे डोळे जरा बारीक झाले.

शनिवारी आत एकालाच सोडणार होते. एक कोण, यावर घरी चर्चा झालीच नाही. अद्वैतने आजीच्या हातात मोबाइल दिला, तो नर्सने दारातच काढून घेतला. “हल्ली रोज एक जण विचारतो, शूटिंग करता येईल का,” डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. “परवा एक गृहस्थ आले, नाकावर चार ब्लॅकहेड्स. म्हणे, टीव्हीतल्यासारखं पिळा.”

थोडे केस कापले, सुई टोचली, त्यानंतर मला फक्त दाब जाणवत होता आणि सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता. चीर दिली. कापूस बदलला, कारण टाळूला रक्त फार. मग एक हलकासा ‘टुप्’ आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “झालं.” ट्रेमध्ये ती पडली होती. खाण्याची उपमा द्यायची नाही असं मी मनाशी ठरवून गेले होते. पण सोललेला ताडगोळा, अगदी तसाच, फक्त सुपारीएवढा.

“फुटली नाही?” सासूबाई.

“फुटू द्यायचीच नसते, आजी. थैलीसकट अख्खी आली.”

हे त्यांना ठाऊक होतं. हेच तर त्या तलावावर शिकवत होत्या. तरी त्यांचा चेहरा असा पडला, की मला माझ्या गाठीची लाज वाटली. “बाटलीत घालून द्याल का? नातवाला दाखवते,” त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. पण गाठ तपासणीसाठी लॅबमध्ये जायची होती. रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “एवढ्यासाठी मी गुडघ्याची गोळी चुकवली.”

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. ती वाशीला असते, ठाण्याहून लोकलने अर्ध्या तासावर, आणि गेली एकोणीस वर्षं तिचं आणि सासूबाईंचं सख्य नाही. कारण अंबाडा. माझ्या लग्नात सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या होत्या, “विहीणबाईंनी अंबाडा तरी सरळ घालायचा, डावीकडे कलंडलाय.” ते आईच्या कानावर गेलं. अंबाडा आजही डावीकडेच असतो. सरळ घातला की काटा टोचतो म्हणते, आणि कुणाला डोक्याला हात लावू देत नाही.

संध्याकाळी मी टाके सांभाळत पडले होते, तेव्हा बाहेरच्या खोलीतून फोनवरचा आवाज ऐकू आला. इतका मधाळ, की आधी ओळखूच आला नाही.

“किती वर्षांत आला नाहीत हो, विहीणबाई. चांगल्या आठ दिवस राहायला या. आणि येताना डोक्याला तेल लावून येऊ नका. इथे मी लावीन.”