आधी काडी तपासा

रविवारी मिसळ झाली की आम्ही चौघं नाशकात गंगापूर रोडच्या टपरीशेजारच्या कठड्यावर बसतो. परवा वाद पेटला तो बापूमुळे.

बापू अंबडला कंपनीत सुपरवायझर. चहा यायच्या आतच म्हणाला, "मी सगळं कमी करतोय. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट विकायला काढला. सोसायटीची कमिटी सोडली, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप सोडले. भजनी मंडळातली पेटीपण बंद."

पिंट्या उसळलाच. "तुझ्याकडे सोडायला आहे म्हणून सोडतोस, भो. मी सातपूरला कंत्राटावर. माझं राहणं साधंच आहे, पण ते मला विचारून झालेलं नाही."

"मग हप्त्यावर फोन कशाला घेतलास?"

"पोरीच्या क्लासचे व्हिडिओ जुन्या फोनवर चालत नव्हते."

बापू गप्प झाला. मला पिंट्याचं पटतं. ज्याला महिनाअखेर गाठता येत नाही, त्याला साधेपणा शिकवायला जाऊ नये. पण म्हणून बापूचं चुकलं असंही नाही. दोन फ्लॅटचे हप्ते फेडायला तो दर आठवड्याला ओव्हरटाइम करायचा आणि त्या दुसऱ्या घरात एक रात्रही कुणी राहिलेलं नव्हतं.

आण्णा इतका वेळ ऐकत होते. त्यांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, सध्या ऑक्टोबरची छाटणी चालू. त्यांनी एकच विचारलं, "पेटी का बंद केली?"

"वेळ जातो, आण्णा. गुरुवारचे दोन तास."

"छाटणीआधी आम्ही काय करतो, माहितीये का तुला?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते नाशकात जन्म काढूनही मला नीट ठाऊक नव्हतं. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी झाली की नवी काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत, म्हणजे जिथून फुटवा येतो त्या कोंबांत, पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत धरतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून ऑक्टोबरात कात्री लावण्याआधी काड्यांचे नमुने लॅबला नेतात. तिथे डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, घड कितव्या डोळ्यात आहे ते. मग ठरतं, किती डोळे ठेवायचे. "न बघता आखूड छाटली," आण्णा म्हणाले, "तर पालाच येतो. बाग हिरवीगार दिसते, पण माल नसतो."

बापू म्हणाला, "माणसाची काडी कुठल्या लॅबला न्यायची?"

"घरी विचार. गुरुवारी तू परत येतोस तेव्हा कसा असतोस, ते वहिनींना ठाऊक असेल."

मला माझंच आठवलं. दोन वर्षांपूर्वी कामं फार झाली म्हणून मीही असंच कमी केलं होतं. सगळ्यात आधी काय काढलं, तर आईला संध्याकाळी गोदाघाटावर नेणं. ते काढणं सोपं होतं, कारण आई तक्रार करत नाही. वाचलेला तास फोनमध्ये गेला. आता तिचे गुडघे घाटाच्या पायऱ्या उतरू देत नाहीत. आपण कापतो ते बहुतेक असंच, जिथून कुणी ओरडत नाही तिथलं. हप्ते, कमिट्या, लग्नातले आहेर यांना हात लावला की चार लोक विचारायला येतात, म्हणून ते राहून जातात. बापूनं निदान फ्लॅटला हात घातला, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

"आणि माझं काय?" पिंट्यानं विचारलं.

"तुझ्या वेलीला पाणीच कमी पडतंय," आण्णा म्हणाले. "तिथे छाटणी काय कामाची? तुला कायम नोकरी पाहिजे." यावर कुणाचंच दुमत नव्हतं. बापूनं त्याच्या कंपनीत विचारायचं कबूल केलं.

मजूर खोळंबले होते म्हणून आण्णा लवकर उठले. फ्लॅट विकायचं बापूचं पक्कं आहे. गुरुवारी पेटीवर कोण बसणार, ते मात्र त्यानं अजून सांगितलेलं नाही.