वेग जुळला म्हणून दाब जुळत नाही

माझा मावसभाऊ रायफल नेमबाजी करतो आणि सरावाची काडतुसे स्वतःच भरतो. गेल्या आठवड्यात त्याने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘‘दादा, म्हणजे आता पुस्तिकांची गरजच उरली नाही ना?’’ तोच संदेश त्याआधी तिघांकडून आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. या वेळी मात्र त्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या गालापासून वीतभर अंतरावर रायफलचे चेंबर, म्हणजे काडतूस पेटते ती पोकळी, असते, आणि तो माझा भाऊ आहे. त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत. क्विकलोड किंवा गॉर्डन्स रीलोडिंग टूल यांसारखी सॉफ्टवेअर चेंबरमधला दाब अचूक सांगतात, म्हणून किती पावडर भरावी हे सांगणाऱ्या पावडर उत्पादकांच्या पुस्तिका कालबाह्य झाल्या आहेत. क्रोनोग्राफने, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, मोजलेला वेग सॉफ्टवेअरमधल्या वेगाशी जुळला की दाबही जुळला असे समजावे. पावडर कमी घातली तर धोका राहत नाही. आणि काडतुसाच्या बुडातला प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी टोपी, सपाट झालेला नसेल तर दाब मर्यादेतच आहे.

यातला सर्वांत घातक दावा दुसरा आहे, कारण तो मोजमापाचा आव आणतो. गोळीला नळीच्या तोंडाशी मिळणारा वेग हा गोळी नळीतून सरकत असताना तिच्यामागे असलेल्या दाबाच्या संपूर्ण आलेखाचा, म्हणजे त्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाचा परिणाम असतो. बंदूक फोडतो तो आलेखाचा शेंडा. जलद जळणाऱ्या पावडरीचा आलेख उंच, टोकदार आणि लवकर ओसरणारा असतो, तर मंद पावडरीचा बुटका आणि पसरट. दोन्हींखालचे क्षेत्रफळ सारखे असू शकते आणि गोळीचा वेगही सारखाच येऊ शकतो, पण एकाचा शेंडा मर्यादेच्या आत असतो आणि दुसऱ्याचा बराच वर. पावडर एकच ठेवली तरी प्रश्न सुटत नाही, कारण वेगातला लहानसा फरक दाबात साधारण दुपटीने किंवा त्याहूनही अधिक प्रमाणात उमटतो. क्रोनोग्राफची किरकोळ चूकही म्हणूनच दाबाच्या अंदाजात मोठी होऊन बसते. शिवाय केसची, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाची, धारणक्षमता, पावडरीचा ज्वलनवेग, गोळी हलू लागते तेव्हाचा दाब आणि नळीतले घर्षण ही सगळी मूल्ये सॉफ्टवेअरला आपण पुरवायची असतात. त्यातले एक मूल्य चुकले असताना दुसरे ओढूनताणून वेग जुळवता येतो. आकडा जुळतो, पण भलत्याच कारणाने.

भावाच्या संगणकावर मी हे प्रत्यक्ष पाहिले. त्याने .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी हिशेब केला होता आणि पडद्यावर ५८ हजार आणि वर काही पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असा दाब दिसत होता. केसच्या धारणक्षमतेचा रकाना त्याने जसाच्या तसा ठेवला होता. मी त्याच्याच रायफलमधून उडवलेली, प्रायमर न काढलेली केस मागितली. ती आधी रिकामी तोलली, मग ड्रॉपरने काठोकाठ पाणी भरले, वर आलेला फुगवटा टिपकागदाने सपाट केला आणि पुन्हा तोलली. पाच केसांची सरासरी सॉफ्टवेअरमधल्या आकड्यापेक्षा सुमारे दीड ग्रेनने (०.१ ग्रॅमने) कमी आली, कारण त्या पितळेची भिंत जाड होती. तेवढा एक रकाना बदलताच पडद्यावरचा दाब जवळपास अडीच हजार पीएसआयने चढला. पावडर तीच, गोळी तीच, आणि मर्यादेपर्यंतचे अंतर बोटावर मोजण्याइतके उरले.

मर्यादा म्हणजे तरी कोणती? अमेरिकेतील बंदुका आणि दारूगोळा उत्पादकांच्या सॅमी या संस्थेचे झेड २९९.४ हे मानक उघडून पाहावे. या काडतुसासाठी त्यात दाबाचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या पिझो संवेदकाने मोजलेली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, तर तांब्याची गुटी दबवून मोजण्याच्या जुन्या पद्धतीनुसार ती ५२,००० सीयूपी (त्या पद्धतीचे एकक) आहे. युरोपातील सीआयपी ही मानक संस्था याच काडतुसाला ४,१५० बार, म्हणजे सुमारे ६०,२०० पीएसआय देते, कारण तिथे संवेदक बसवण्याची रीतच वेगळी आहे. प्रत्यक्ष चाचणीच्या नळीत मोजलेला दाबसुद्धा मोजण्याच्या पद्धतीला बांधलेला असतो. जे सॉफ्टवेअर काहीच मोजत नाही, फक्त गणित करते, त्याच्या उत्तराला ‘अचूक’ म्हणणे हा बेजबाबदारपणा आहे. या सॉफ्टवेअरचे कर्तेसुद्धा आपले आकडे प्रकाशित माहितीशी ताडून पाहण्याची सूचना देतात. संदेश लिहिणाऱ्याने ती वगळली.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. योग्य मोजमापे भरली तर ही सॉफ्टवेअर तुलनेसाठी उपयोगी पडतात. केस किती भरेल, नळी संपण्याआधी पावडर किती जळेल, गोळी थोडी खोल बसवली तर दाब कोणत्या दिशेने जाईल, हे ती चांगले दाखवतात. तेवढ्याच पावडरीत अपेक्षेपेक्षा जास्त वेग मिळू लागला तर तो धोक्याचा इशारा असतो, हेही खरे आहे. पण त्याची उलट बाजू, म्हणजे वेग अपेक्षेइतका आहे म्हणून निर्धास्त राहावे, ही खरी नाही.

कमी पावडरीबद्दलचा दावाही असाच अर्धवट आहे. ही गणिते सर्व कण एकाच वेळी पेटले असे धरून चालतात आणि पुढचे ज्वलन दाबानुसार कसे वाढते ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांच्या नियमाने काढतात. मोठ्या केसमध्ये मंद पावडर फार थोडी घातली तर ती तळाशी आडवी पसरते, प्रायमरची ज्योत तिच्यावरून निघून जाते आणि पेटणे असमान होते. अशा भरणीत दाब अनपेक्षितपणे उसळून बंदुका फुटल्याची उदाहरणे आहेत. समान प्रज्वलन गृहीत धरणाऱ्या गणितात ती उसळी दिसणारच नाही. उलट फारच कमी दाब निर्माण झाला तर गोळी नळीत अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते. म्हणूनच पुस्तिकेत कमाल भरणीबरोबर सुरुवातीची भरणी छापलेली असते, आणि तिच्याखाली उतरायचे नसते.

प्रायमरविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तो किती सपाट होतो हे त्याच्या पत्र्याच्या कठीणपणावर आणि केसच्या मागे उरलेल्या जागेवरही अवलंबून असते, आणि बोल्ट जड उचलणे किंवा केसच्या बुडावर चकचकीत ठसा उमटणे यांसारखी इतर लक्षणे बहुधा मर्यादा ओलांडून गेल्यावरच दिसतात.

भावाने त्या हिशेबावरून बारा काडतुसे आधीच भरून ठेवली होती. काल संध्याकाळी आम्ही दोघांनी गोळी उपसण्याच्या हातोडीने ती एकेक करून उघडली, पावडर तिच्या मूळ डब्यात परत घातली आणि पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या भरणीपासून पुन्हा तोलायला बसलो.