बिनसातबाऱ्याची शेती

मला शेतात राबावं लागू नये म्हणून वडिलांनी मला इंजिनियर केलं. आज मी छत्तीस वर्षांचा आहे, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि रात्री साडेबारा वाजता झारीत पाणी भरतोय. झारी खोटी, पाणी खोटं, वाफेही खोटे. जागरण तेवढं खरं.

खेळाचं नाव स्टारड्यू व्हॅली. एका मित्राने सांगितलं, "स्ट्रेस जातो रे." 2016 साली आलेला हा खेळ सिएटलच्या एरिक बॅरोन नावाच्या माणसाने एकट्याने केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोडही त्याचंच. साडेचार वर्षं लागली, आणि त्या काळात तो अधूनमधून एका नाट्यगृहात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम करत होता. ही माहिती मी मोठ्या कौतुकाने बायकोला दिली. ती म्हणाली, "त्याला करायला साडेचार वर्षं लागली, तुला खेळायला किती लागणारेत?"

गोष्ट अशी सुरू होते. तुम्ही जोजा नावाच्या कंपनीत खुर्चीवर बसून वाळत असता. एक दिवस ड्रॉवरमधून आजोबांचं पत्र निघतं आणि आजोबांनी आपलं शेत तुम्हाला दिल्याचं कळतं. तुम्ही बस पकडून पेलिकन टाउन नावाच्या गावी जाता. त्या दिवशी माझ्या सहा मीटिंगा झाल्या होत्या, त्यामुळे बस निघाली तेव्हा माझा कंठ खरोखरच दाटून आला होता.

तिथे पोचल्यावर कळतं की शेत म्हणजे दगड, ओंडके आणि तण. जवळ 500 मोहरा आणि सरपंचाने भेट दिलेली पार्स्निपची पंधरा बियाणं. पार्स्निप म्हणजे पांढरं गाजर म्हणा. मी ते कधी खाल्लेलं नाही, मंडईत कधी पाहिलेलं नाही, पण आजवर त्याची शेकड्यांनी काढणी केली आहे.

खरी मेख आहे ती घड्याळात. तिथला दिवस सकाळी सहाला उजाडतो आणि रात्री दोनला संपतो, पण आपल्या घड्याळात तो जेमतेम चौदा मिनिटांचा असतो. आणि खेळ जतन होतो तो फक्त झोपल्यावर. म्हणजे मधेच उठलात तर दिवसभराची मेहनत पाण्यात. त्यामुळे "जेवायला ये" या हाकेला "आलो, फक्त झोपतो आणि आलो" असं उत्तर द्यावं लागतं. हे वाक्य लग्नाच्या बायकोला नीट समजावून सांगणं फार अवघड आहे.

बरं, झोपलं की सुटलो असंही नाही. सकाळ होते, कोंबड्या ओरडतात, चार वाफ्यांत काहीतरी पिकलेलं असतं. मग एकच दिवस अजून. असे 28 दिवसांचे चार ऋतू झाले की वर्ष. मी एकदा हिशोब मांडला तर वर्षाला सव्वीस तास निघाले. माझं तिथे चौथं वर्ष चालू आहे, पुढचा गुणाकार मी केला नाही.

मासेमारीबद्दल मी जास्त बोलणार नाही. एक हिरवी पट्टी असते, ती माऊस दाबून वरखाली हलवत माशाच्या चित्रावर धरायची असते. मासा पिसाळल्यासारखा नाचतो. पहिल्या आठवड्यात माझ्या गळाला फुटका चष्मा, ओलं वर्तमानपत्र आणि मनगटाचं दुखणं लागलं. फिजिओथेरपिस्टने विचारलं, "काय उचललं होतं?" मी म्हटलं, "बादली."

तिथलं बियाण्याचं दुकान बुधवारी बंद असतं. हे मला दर बुधवारी दुकानाच्या दारात उभं राहिल्यावर आठवतं. आणि गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते. एका गुरुवारी वर्क फ्रॉम होम करत असताना (असं ऑफिसला वाटत असताना) मी खाणीत थेट ऐंशीव्या मजल्याच्याही खाली उतरलो, पिशवी भरून सोनं खणलं, धापा टाकत घरी आलो, पलंगापासून दोन पावलांवर होतो आणि पंखा थांबला. खिडकीतून खाली बघितलं तर इस्त्रीवाला शांतपणे कोळशाची इस्त्री फिरवत होता. त्याचं काही अडलं नव्हतं.

अशात गुडघा दाखवायला गावाहून काका आले. आमचं गाव कोरेगावच्या बाजूचं, काकांची साडेतीन एकर आहे. कांदा, घेवडा, थोडा ऊस. रात्री दहाला ते पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काय करायलायस?"

"शेती."

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. मग खुर्ची ओढली.

"रान कुणाचं?"

"आजोबांनी दिलंय. पत्र लिहून."

"एकट्यालाच? आन् भाऊबंद गप बसलं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्या खऱ्या आजोबांच्या साडेतीन एकरासाठी काका आणि त्यांचे चुलतभाऊ अकरा वर्षं तारखा करत होते.

"सातबारा बघितलास?"

"काका, गेम आहे."

"गेम असंल, पर बांध कुठं हाय? शेजारी कोण?"

मग सरपंच दिसला. त्याने फुकट बियाणं दिलं होतं असं सांगितल्यावर काकांनी लगेच विचारलं, "विलेक्शन कवा हाय?" मी सांगितलं, इलेक्शन नाही, तो वीसेक वर्षं सरपंच आहे, त्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहत नाही. काकांनी मान डोलावली. पेलिकन टाउन त्यांना पहिल्यांदाच ओळखीचं वाटलं असावं.

माझी सगळ्यात मोठी जखम मी त्यांना दाखवली. पहिल्या वर्षी वसंताच्या 18 तारखेला मी हौसेने फ्लॉवरची तीस रोपं लावली होती, एक बी 80 मोहरांना. रोज पाणी घातलं, बुजगावणं उभं केलं. उन्हाळ्याच्या 1 तारखेला सकाळी दार उघडलं तर तीसच्या तीस करपलेली. ऋतू बदलला की तिथे जुनं पीक एका रात्रीत मरतं. 2400 मोहरा गेल्या. त्या दिवशी मी ऑफिसात कुणाशी बोललो नव्हतो.

"फ्लावर किती दिसाचा?"

"बारा."

काकांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "सोळाच्या आत लावायचा व्हता. दोन दिस चुकलास." मग जरा थांबून, "तुझ्या बापाचंबी असंच व्हायचं. म्हनून त्याला बँकेत घातला."

खेळात संध्याकाळ झाली तसा मी माल शेताच्या कडेच्या लाकडी पेटीत टाकला. काकांनी विचारलं, आता काय. मी म्हटलं, झालं, सकाळी पैसे येतील.

"गाडी कुणाची?"

"गाडी नाही. रात्री कोणीतरी नेतं."

"हमाली?"

"नाही."

"तोलाई? अडत?"

"काही नाही काका. पार्स्निप 35 म्हणजे 35."

"आन् समद्यांनी एकदम आनलं तर?"

"तरी 35."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या खेळात मांत्रिक आहे, गुहेत उड्या मारणारे चिकट राक्षस आहेत, मेलेल्या आजोबांचं भूत दोन वर्षांनी शेताची पाहणी करायला येतं. भुताबद्दल काका एवढंच म्हणाले, "आमचा म्हातारा जित्ता असताना रोज यायचा." पण पेटीवर मात्र त्यांचा विश्वास बसेना. मला झोपायला लावून त्यांनी सकाळचे पैसे स्वतः मोजून घेतले. मोहरा पुऱ्या भरल्या. "पट्टी न्हाई मिळत?" ते म्हणाले. पट्टी म्हणजे माल विकल्याच्या हिशोबाचा कागद. गेल्या हंगामात त्यांच्या कांद्याची पट्टी आली तेव्हा भाडं वजा जाऊन हातात काय उरलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या रात्री ते साडेनवालाच तयार होते. त्यांना तिथला टीव्ही फार आवडला. त्यावर उद्याचं हवामान सांगतात आणि ते शंभर टक्के खरं ठरतं. पाऊस म्हणाले की पाऊसच, मग त्या दिवशी झारी उचलायची नाही. "एवढं एक जरी आपल्याकडं असतं," असं म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि मला भोपळा लावायला सांगितला. शरदात, 1 तारखेला, ओळीत जागा सोडून. मी म्हटलं, इथे दाट लावलं तरी चालतं. ते म्हणाले, "चालत असंल, दिसायला बरं दिसत न्हाई." मी जागा सोडली.

साडेबाराला बायको दारात आली. एकीकडे नवरा, शेजारी मफलर गुंडाळून चुलतसासरे, दोघांचे चेहरे पडद्याच्या उजेडात निळे. "मामंजी, तुम्ही तरी," एवढंच ती म्हणाली. काकांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "एवढं पानी दिऊन घेतो, सूनबाई."

गुडघ्याचे रिपोर्ट बरे आले आणि काका परत गेले. आठवडाभराने रात्री त्यांचा फोन आला. गुडघा, चुलतभाऊ, म्हैस, सगळं बोलून झालं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आरं, ते तुझं टीवी लाव की. उद्या पाऊस दावतोय का?"

मी खेळ चालू केला, घरात शिरलो, टीव्ही लावला. "हो काका, दाखवतोय. पण हा पेलिकन टाउनचा आहे."

"आसूं दे," काका म्हणाले. "कांदा झाकून घेतो."