जावईबापू आणि काळी टाकी

कॅनडात स्थिरावलेल्या माणसाला कधीतरी आरव्ही भाड्याने घेऊन उत्तरेला जायची हुक्की येतेच. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: शेगडी, बिछाने, न्हाणीघर, संडास, सगळं आत. जाहिरातीतलं जोडपं नदीकाठी खुर्च्या टाकून कॉफी पीत असतं. घर बरोबर नेलं की घरकामही बरोबर येतं, हे जाहिरातीत नसतं. आमच्या घराबरोबर तर सासूबाईही होत्या.

व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी, साधारण 530 किलोमीटर. कॅनडाच्या उत्तरेकडच्या युकॉन प्रदेशातल्या क्लोंडाइक भागात 1896 साली सोनं सापडलं आणि लाखभर माणसं घरदार सोडून तिकडे निघाली. चिल्कूट खिंडीत कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभराचा शिधा दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत. सगळं मिळून माणशी जवळजवळ टनभर सामान. सासूबाईंना त्यांनी तपासलंही नसतं. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, लोणच्याच्या बरण्या, शिवाय "तिकडे नाही मिळाला तर?" म्हणून तांदूळ.

तिथे जमीन खाली बारमाही गोठलेली. ती कुठे फुगते, कुठे खचते, आणि वरच्या रस्त्याला उंचवटे येतात. धोक्याच्या जागी छोटी झेंडी लावलेली असते. झेंडी दिसेपर्यंत आपण हवेत आणि मेतकुटाचा डबा सासूबाईंच्या मांडीत.

त्यात जून महिना. सूर्य मध्यरात्र उलटल्यावर मावळतो, तोही नावापुरता. दिवेलागण झाल्याशिवाय सासूबाई रात्रीचं जेवत नाहीत. पहिल्या रात्री आम्ही पिठलं-भात घेऊन क्षितिजाकडे बघत बसलो. शेवटी "पुण्यात झाली असेल" असा तोडगा निघाला.

पण खरा प्रसंग टाकीचा. आरव्हीच्या पोटात दोन टाक्या: भांडी-आंघोळीच्या पाण्याची करडी आणि उरलेल्या विषयाची काळी. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये जळाऊ लाकूड फुकट मिळतं, पण नळ-वीज-गटार जोडून मिळत नाही. त्यामुळे सगळा ऐवज गाव येईपर्यंत आपल्याबरोबर प्रवास करतो. डॉसनला पोचल्यावर टाक्या रिकाम्या करायची रांग. जाड नळी जोडायची, आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. मागच्या गाडीतले अमेरिकन आजोबा हाफपँटीत येऊन देखरेखीला उभे राहिले. आणि वर खिडकी उघडली.

"जावईबापू, जमतंय ना हो?"

अधिक महिन्यात पाटावर बसवून, चांदीच्या ताटात मला धोंडे वाढणारी ही बाई. मी रबरी हातमोज्यांत, गुडघ्यावर. नळी गुरगुरत होती. "जमतंय," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बायकोने या ऐतिहासिक क्षणाचा फोटो काढून सासरच्या ग्रुपवर टाकला.

डॉसन मात्र बघण्यासारखं. मातीचे रस्ते, लाकडी फुटपाथ, आणि खालची गोठलेली जमीन विरघळल्यामुळे एकमेकांच्या अंगावर रेललेली जुनी घरं. एका हॉटेलात माणसाच्या पायाचा वाळवलेला अंगठा घातलेली दारू मिळते. पिताना अंगठा ओठाला लागलाच पाहिजे. 1973 पासूनची प्रथा. सासूबाईंनी सगळ्यांच्या वतीने संकष्टी जाहीर केली.

त्यांना आवडली ती त्या सोन्याच्या काळातली बेलिंडा मल्रूनी. बाकीचे लोक पोचले तोवर सोन्याच्या बहुतेक जागा आधीच गेल्या होत्या. ही बाई आली कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन, सहापट भावाने विकल्या, खाणावळ काढली आणि 1898 मध्ये हॉटेल बांधलं. "कामाची होती," सासूबाई म्हणाल्या. एवढी तारीफ त्यांनी स्वतःच्या मुलीचीही केलेली नाही.

बोनान्झा क्रीकवर सहा नंबरच्या जागेत कुणीही फुकट सोनं शोधू शकतं. मी परातीतली निम्मी वाळू परत ओढ्यात सांडली. सासूबाईंनी पदर खोचला आणि तांदूळ धुवावेत तशी परात फिरवली. तळाशी एक पिवळा कण. मोहरीने हसावं एवढा.

तो त्यांनी इसबगोलच्या रिकाम्या बाटलीत घातला, झाकण घट्ट लावलं आणि बाटली माझ्या हातात ठेवली.

"घ्या, जावईबापू. पुढच्या अधिकाचं सोन्याचं वाण झालं हो तुमचं."