बिशप व्हायचंय? चर्चकडे फिरकू नका

परवा एका शिक्षणसंस्थेच्या वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे गरजले, "आपल्याकडे शिक्षणात राजकारण घुसलं. ऑक्सफर्ड बघा, निव्वळ ज्ञानासाठी उभं राहिलं!" टाळ्यांचा कडकडाट. तर मंडळी, तुम्हालाही असं निर्मळ ज्ञानमंदिर काढायचं असेल, तर चौदाव्या शतकातल्या इंग्लंडात जन्म घ्या आणि सांगतो तसं वागा.

बायबल राहू द्या, आधी बांधकाम खातं धरा. ऑक्सफर्डचं न्यू कॉलेज काढणारा विल्यम ऑफ विकम आधी विंडसर किल्ल्याच्या बांधकामावर देखरेख करायचा. तिसरा एडवर्ड खूश झाला. राजाने खूश व्हायचं, पण पगार तिजोरीतून कशाला? चर्चमधल्या जागा आहेत की! विकमला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली 1362 मध्ये; जागा त्याआधीपासूनच पदरात पडत होत्या. 1366 पर्यंत लिंकनचं आर्चडीकनपद (बिशपच्या खालोखालचं पद) धरून डझनभर. पुढच्याच वर्षी विंचेस्टरचा बिशप, म्हणजे इंग्लंडातली सगळ्यात श्रीमंत गादी, वर राज्याचा चान्सलर, म्हणजे राजाचा बडा मंत्रीही. साहेब दरबारात, मग मयतीला, बारशाला गावात कोण? तुटपुंज्या पैशावर राबणारा एखादा बदली पाद्री.

राजा डळमळला की लंडन सोडा. ऑक्सफर्डच्याच एक्झिटर कॉलेजचे संस्थापक बिशप स्टेपलडन थांबले. 1326 मध्ये जमावाने चीपसाइडला त्यांचं मुंडकं उडवलं.

नातेवाईक विसरू नका. 1264 मध्ये ऑक्सफर्डचं मर्टन कॉलेज काढणारे वॉल्टर डी मर्टन, तेही चान्सलर आणि पुढे बिशप, त्यांनी भाच्यांची सोय आधी पाहिली. विकमच्या न्यू कॉलेजात (1379) संस्थापकाच्या वंशातल्या पोरांना अग्रक्रम होता, तो थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत! आपल्या 'संस्थाचालक कोट्या'ला उगाच नावं ठेवतात लोक.

आणि पैसा? गावच्या चर्चचं उत्पन्न कॉलेजच्या नावावर करून घ्या. ॲडरबरीचं चर्च असंच न्यू कॉलेजकडे गेलं. शेतकऱ्याने कापणीनंतर दर दहावी पेंढी वेगळी काढायची, दहावं कोकरू द्यायचं, आणि त्यावर जेवायचे कोण? ज्याचं पोर कधी त्या दारातून आत जाईल याची शाश्वती नाही, त्याच्या धान्यावर उभी आहेत ती ज्ञानमंदिरं!

अहो पाहुणे, तिथे राजकारण घुसलं नाही, त्यानेच पाया खणला. विद्वत्ताही झाली तिथे, कोण नाही म्हणतंय? पण तुम्ही एका बाजूला अध्यक्षांचे चिरंजीव, दुसऱ्या बाजूला विश्वस्त सूनबाई घेऊन बसता, आणि निर्मळपणाचा दाखला ऑक्सफर्डचा देता? लाज वाटत नाही? पुढच्या वेळी माइक धरण्याआधी निदान एका तरी कॉलेजचा संस्थापक कोण, ते वाचून या. फोन खिशातच असतो ना?