लम्पी 'लशीतून उपजला' या दाव्याची तपासणी

बडोद्यातील मराठी घरांत, विशेषतः पांजरापोळांना नियमित देणगी देणाऱ्या मंडळींत, एक संदेश पुन्हा फिरू लागला आहे. त्याचे म्हणणे असे, की गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचल्यामुळे तो विषाणू गाईंत बदलला आणि 2022 चा लम्पी (गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूजन्य रोग) उपजला. विषाणूच्या जनुकक्रमात (त्याच्या आनुवंशिक 'अक्षरांच्या' मांडणीत) सापडलेले 1800 बदल हा त्याचा पुरावा असून, अशा गाईचे दूध पिणाऱ्यालाही लागण होते.

पहिला मुद्दा घटनाक्रमाचा. लम्पीची पहिली नोंद 1929 मध्ये, आजच्या झांबियात झाली. भारतात तो 2019 मध्ये ओडिशात आढळला आणि त्याला आवर घालण्यासाठीच पुढे गाईंना शेळ्यांची लस देण्यात आली. म्हणजे रोग आधी, लस नंतर.

1800 बदलांचा आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. या विषाणूचा जनुकक्रम सुमारे दीड लाख अक्षरांचा आहे. तो डीएनए विषाणू असल्याने करोनाच्या विषाणूपेक्षा फार सावकाश बदलतो, त्यामुळे तीन वर्षांत शेकड्यांनी बदल आपोआप साचणे संभवत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गुजरातसह अनेक राज्यांतील 2022 चे नमुने वाचले, तेव्हा त्यांत दोन गट दिसले: थोडे बदल असलेला गट 2019 च्या रांचीच्या विषाणूशी जुळणारा, तर पुष्कळ बदल असलेला गट रशियातील 2015 च्या साथीतल्या विषाणूशी जुळणारा. जो विषाणू इथे लस येण्यापूर्वीच रशियात होता, तो आपल्या लशीतून जन्माला कसा येईल?

तरीही लशीचा विषाणू आणि रानटी (निसर्गात आपोआप पसरणारा) विषाणू यांची सरमिसळ होतच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रशियातील साराटोव्ह येथे 2017 मध्ये असा संकरित विषाणू सापडला, परंतु ती सरमिसळ लम्पीच्याच जिवंत (दुर्बळ केलेला जिवंत विषाणू असलेल्या) लशीशी झालेली होती, आणि ती उघडकीस आली तीही जनुकक्रम वाचल्यामुळेच. अशा क्रमात काही पट्टे लशीशी, तर त्यांच्या लगतचे पट्टे रानटी विषाणूशी जुळतात. शेळीदेवी आणि लम्पी यांचे जनुकक्रम सुमारे 97 टक्के सारखे असले (म्हणून तर ती लस गाईला उपयोगी पडते), तरी उरलेल्या तीन टक्क्यांत हजारो अक्षरांचा फरक असतो. शेळीदेवीचा पट्टा शिरला असता, तर तो लपला नसता.

मग लस टोचल्यावर गाठी आलेल्या गाई लोकांनी पाहिल्या, त्यांचे काय? ते निरीक्षण खोटे नाही. परंतु संरक्षण उभे राहायला साधारण तीन आठवडे लागतात आणि साथीत टोचलेली गाय बहुधा आधीच बाधित असू शकते. गावठाणातील गोपालकाला शंका असेल, तर गाठीवरची खपली पशुवैद्यकाकडून काढून, थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवावी. साध्या पीसीआरमध्ये विषाणूचा एक छोटा तुकडा तपासला जातो. लशीचा विषाणू की रानटी, असा वाद उरलाच तर संपूर्ण क्रम वाचावा लागतो.

दुधाविषयीचा दावा तर सरळच चुकीचा आहे: लम्पी माणसांना होत नाही, आणि दूध उकळून पिण्याची आपली रीत तशीही आहेच.